चिलटांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होते का? (पुतणीच्या प्रोजेक्टवरून)

करवीरकाका
राम राम मंडळी. पुतणी इथं कोल्हापुरातच प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. शेवटच्या सत्राला प्रोजेक्ट असतो. तिनं विषय घेतलाय: ‘आहारातील अ‍ॅलर्जीकारक पदार्थांचा फळमाशीच्या जनुकांच्या कार्यावर होणारा परिणाम’. फळमाशी म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावणारी बारीक लाल डोळ्यांची ती. बेत असा की एका बाटलीत माश्यांचं नेहमीचं खाद्य ठेवायचं आणि बाकीच्या बाटल्यांत त्याच खाद्यात दाण्याचा कूट, गव्हाचं पीठ, दूध पावडर मिसळायची. थोड्या दिवसांनी माश्यांचा आरएनए (जनुक चालू असलं की त्याची निघणारी नक्कल) काढायचा आणि कोणती जनुकं जास्त चालली, कोणती मंदावली ते बघायचं.

घरात विषय जिव्हाळ्याचा आहे. बहिणीच्या नातवाला शेंगदाणा चालत नाही, ओठ सुजतात, अंगावर गांध्या उठतात. कोल्हापुरात राहून शेंगदाणा टाळायचा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. भडंग, चटणी, खिचडी, भरली वांगी, पाहुण्यांकडची चिक्की. कुठं कुठं लक्ष ठेवणार?

तर दोन प्रश्न. माशीला मुळात अ‍ॅलर्जी होते का? आणि यातून त्या पोराच्या कामाचं काही निघेल का? पुतणी म्हणते दोन्हीचं उत्तर हो. मला जरा शंका आहे. इथं जाणकार आहेत म्हणून विचारतोय.

भडंगप्रेमी
माशीला खोकला आला की कळवा काका. तोवर पॉपकॉर्न घेऊन बसतो. शेंगदाणे नकोत, धाग्याचा मान राखतो.

तांबडापांढरा
काका, आमच्या घरातल्या चिलटांना तर कशाचीच अ‍ॅलर्जी न्हाई. केळ, आंबा, उसाचा रस, उघडा व्हिनेगर, सगळं चालतंय. फिनेलवर पण बसत्यात.

सूक्ष्मदर्शी
काका, पुण्यात माश्यांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही. आपण ज्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी म्हणतो ती घडते आयजीई नावाच्या प्रतिपिंडामुळे. शरीर एखाद्या प्रथिनाविरुद्ध आयजीई बनवतं, ते मास्ट पेशींवर जाऊन बसतं, आणि पुढच्या वेळी तेच प्रथिन आलं की त्या पेशी हिस्टामाइन सोडतात. गांध्या, सूज, धाप हे त्याचं फळ. माशीकडे आयजीई नाही. खरं तर कुठलंच प्रतिपिंड नाही. बी पेशी नाहीत, टी पेशी नाहीत, मास्ट पेशी नाहीत. एकदा भेटलेलं प्रथिन ओळखून ठेवणारी ती यंत्रणाच तिच्याकडे नाही. तिच्याकडे आहे ती जन्मजात प्रतिकारशक्ती: जंतू आला की जंतुनाशक पेप्टाइडं तयार करायची, जखम झाली की बुजवायची, आतडं झिजलं की नव्या पेशी बनवायच्या.

त्यामुळे पुतणीच्या शीर्षकातला ‘अ‍ॅलर्जीकारक’ हा शब्द माणसापुरता खरा आहे. माशीच्या दृष्टीनं कूट म्हणजे काही प्रथिनं, भरपूर तेल आणि सोबत वनस्पतीनं किड्यांपासून बचावासाठी ठेवलेले काही पदार्थ. तिच्या जनुकांत बदल दिसेलच, ते नक्की. पण तो कशामुळे झाला हे शोधणं हाच खरा प्रोजेक्ट आहे, आणि तो चांगला प्रोजेक्ट आहे. तिला नाउमेद करू नका.

जनुकांचं ‘कार्य’ म्हणजे काय तेही सांगतो, कारण यावर फार गैरसमज असतात. कूट खाल्ल्यानं माशीची जनुकं बदलत नाहीत. तिच्या प्रत्येक पेशीत सुमारे १४ हजार प्रथिनं बनवणारी जनुकं आहेत ती तशीच राहतात. बदलतं ते इतकंच की कोणत्या जनुकाच्या आरएनए प्रती किती निघतात. त्या प्रती मोजायच्या.

मिरजकर_मावशी
वाचतेय. काकांची पुतणी हुशार दिसते.

उसाचा_फड
फळमाशीवर बोलताय तर इचारतो. गेल्या साली माझ्या आंब्यात लई अळी पडली. औषधं मारून दमलो. ह्या पोरीचं संशोधन कामी यील का?

सूक्ष्मदर्शी
@उसाचा_फड, तुमची ती वेगळी माशी, दादा. आंब्यात, पेरूत अंडी घालते ती बॅक्ट्रोसेरा, मोठी, पिवळट, गांधीलमाशीसारखी दिसणारी. तिला मिथाइल युजेनॉलचा सापळा लावा, नर त्यात अडकतात. फळं उतरायच्या बरीच आधी लावायचा आणि खाली पडलेली किडकी फळं गोळा करून खोल पुरायची, नाहीतर तिथूनच पुढची पिढी उठते. काकांची माशी ती नव्हे. ती ड्रोसोफिला, जेमतेम ३ मिलिमीटरची, नासक्या फळावरच्या यीस्टवर जगणारी. चांगल्या फळाला ती सहसा काही करत नाही.

उसाचा_फड
बरं झालं सांगिटलं. सापळा बघतो.

तर्कटराव
मला एक कळत नाही. माशीला अ‍ॅलर्जी होत नाही, प्रतिपिंडं नाहीत, मग माशी घ्यायचीच कशाला? माणसाच्या रोगासाठी उंदीर तरी ठीक. चिलटांवरून माणसाचं अनुमान काढणं म्हणजे विज्ञान कमी आणि सोय जास्त.

सूक्ष्मदर्शी
सोय आहेच, लपवायचं काय. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात, एक मादी शेकड्यांनी अंडी घालते, आणि बाटलीला कापसाचा बोळा लावला की संसार सुरू. जनुकशास्त्रज्ञ मॉर्गननं १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्याचा नर शोधला तेव्हापासून या माशीवर काम चाललंय. तिचा पूर्ण जनुकसंच २००० साली प्रसिद्ध झाला. माणसाच्या रोगांशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे ७५ टक्क्यांची भावंडं माशीत सापडतात.

पण नुसत्या सोयीचं म्हणाल तर एक उदाहरण देतो. टोल नावाचं जनुक आधी माशीच्या गर्भाच्या वाढीत सापडलं होतं. १९९६ मध्ये स्ट्रासबर्गला ज्यूल हॉफमन यांच्या गटानं दाखवलं की ते बिघडलं तर माशी बुरशीनं मरते. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी उंदरात त्याच घराण्यातलं टीएलआर४ जिवाणूंच्या विषाला ओळखतं हे दाखवलं. २०११ चं नोबेल या दोघांना मिळालं, तिसरे मानकरी राल्फ स्टाइनमन. आज आपल्या जन्मजात प्रतिकारशक्तीबद्दल जे शिकवतात त्यातला मोठा भाग या बारीक माशीनं दिलाय.

आणि गंमत बघा, गव्हातली एटीआय म्हणून ओळखली जाणारी प्रथिनं माणसाच्या याच टीएलआर४ ला चेतवतात असं २०१२ मध्ये दाखवलं गेलं. लगेच ‘मग माशीच्या टोलवर गहू तपासू’ असं वाटेल. तर तिथं थांबा. माशीचा टोल जंतूला किंवा प्रथिनाला थेट पकडत नाही, तो स्वतःच्याच शरीरातल्या स्पेट्झल नावाच्या प्रथिनाला पकडतो. एक घराणं असलं म्हणून काम एक नसतं. तर्कटराव, तुमचा आक्षेप इथं मला पटतो.

तर्कटराव
चला, निम्मा तरी पटला.

बालरोग_गंगावेस
मी बालरोगतज्ज्ञ. माश्यांतलं कळत नाही, पण काकांच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलते.

काका, नातवाला ओठ सुजण्यापर्यंत त्रास होत असेल तर त्याला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे न्याच. त्वचेवरची प्रिक चाचणी किंवा रक्तातलं शेंगदाण्याविरुद्धचं आयजीई बघतात, आणि त्याची सांगड आधी घडलेल्या त्रासाशी घालतात. नुसत्या अहवालावर निदान करत नाहीत. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीत (२०१६ मध्ये प्रसिद्ध झाली) २६ टक्क्यांहून जास्त लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, पण खरी अन्नअ‍ॅलर्जी असावी असे निघाले फक्त १.२ टक्के. म्हणजे अहवालात ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणून घरातलं निम्मं जेवण बंद करायचं नसतं. उलट ज्याला खरंच त्रास होतो त्यानं मात्र एक दाणाही चालवून घ्यायचा नाही. श्वास लागला, आवाज बसला, पोर निपचित पडलं तर घरगुती उपाय करत बसू नका. ती आणीबाणी असते, अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं.

दुसरं, घरात पुढं बाळ होणार असेल तर शेंगदाणा लांब ठेवण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली आहे. लंडनच्या लीप चाचणीत एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली होती. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना अजिबात नाही. ५ वर्षांची झाली तेव्हा न दिलेल्यांत १७.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी होती आणि दिलेल्यांत ३.२ टक्के. निकाल २०१५ मध्ये आला आणि जगभरचे सल्ले बदलले. अर्थात अशा जोखमीच्या बाळाला काय, कधी द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच. आणि अख्खा दाणा लहान मुलाला कधीच नको, घशात अडकतो.

पंचगंगा_घाट
डॉक्टर, माझ्या मुलाला दूध प्यायलं की पोट फुगतं, जुलाब होतात. ही दुधाची अ‍ॅलर्जीच ना? कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्यायला जायची आमच्या घराण्याची पद्धत, आता हा पोरगा घराण्याचं नाव घालवणार.

बालरोग_गंगावेस
बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण वर्णन लॅक्टोज न पचण्याचं वाटतं. दुधातली साखर पचवणारा लॅक्टेज कमी पडला की असं होतं. त्यात प्रतिकारशक्तीचा संबंध नाही. अशा मुलांना दही-ताक बरेचदा चालतं. दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर दहीही चालत नाही. आणि कट्ट्यावरचं न तापवलेलं दूध लहान मुलाला देऊ नका, घराण्याचं नाव तापवलेल्या दुधानंही राहतं.

रुईकर_कॉलनी
अ‍ॅलर्जीच्या नावानं धंदा किती चाललाय तेही बोला की. आमच्याकडून एकीनं रक्त घेऊन दोनेकशे पदार्थांची यादी दिली, त्यात तांदूळ, तूर, हळद, जिरं सगळं ‘टाळा’. पोरगी वाळून काडी झाली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी ती यादी बाजूला ठेवायला लावली. नाव लिहीत नाही.

बालरोग_गंगावेस
ती बहुतेक आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडाची चाचणी. आयजीजी हे त्या अन्नाशी शरीराची ओळख झाल्याचं लक्षण आहे, आजाराचं नव्हे. रोज तूर खाणाऱ्याच्या रक्तात तुरीविरुद्ध आयजीजी असणारच. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्येच सांगितलं की अन्नअ‍ॅलर्जीच्या निदानासाठी ही चाचणी करू नये. केसांवरून अ‍ॅलर्जी सांगतात त्याबद्दल तर बोलायलाच नको.

संपादक
धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत माश्यांकडे वळू या का? वैद्यकीय सल्ल्यासाठी वेगळा धागा काढावा.

सूक्ष्मदर्शी
वळतो. आता मुख्य गोष्ट, जी पुतणीनं प्रयोगाच्या आधी बघायला हवी: नेहमीचं खाद्य म्हणजे नेमकं कोणतं?

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मैसूर विद्यापीठातून आलेली पाककृती वापरतात. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम गव्हाचा रवा, खाद्य घट्ट धरायला १० ग्रॅम अगार, आणि बुरशी येऊ नये म्हणून ७.५ मिली प्रोपिऑनिक आम्ल. काही ठिकाणी रव्याऐवजी मक्याचं पीठ आणि यीस्ट घालतात. पुतणी रव्याचं खाद्य वापरत असेल तर तिच्या ‘साध्या’ बाटलीत गहू आधीच आहे. मग गव्हाच्या बाटलीची तुलना कशाशी? गव्हाची गव्हाशी. तिला मक्याच्या खाद्यावर यावंच लागेल. आणि माश्यांच्या निदान दोन पिढ्या त्या खाद्यावर काढून मगच प्रयोग.

दुसरं: कूट मिसळला की प्रथिनं वाढतात, तेल वाढतं, आणि त्या मानानं साखर घटते. माशीच्या शरीरात टोर आणि इन्सुलिनसारख्या, वाढ सांभाळणाऱ्या संदेशांची जनुकं प्रथिन-साखरेच्या प्रमाणावर डुलतात. अंडी किती घालणार, किती जगणार हेही त्यावर ठरतं. तेव्हा कूटाच्या बाटलीत दिसलेला बदल शेंगदाण्याच्या त्या विशिष्ट प्रथिनांमुळे की नुसत्या खुराकामुळे? हे वेगळं काढायला तेवढीच प्रथिनं आणि तेवढंच तेल दुसऱ्या मार्गानं दिलेली एक बाटली हवी. यीस्ट आणि करडईचं तेल चालेल. कुणी केसीन सुचवेल, पण ते दुधातलं, म्हणजे तिच्याच यादीतलं.

तिसरं: माशीनं ते खाल्लं का? हे सगळ्यात जास्त लोक विसरतात. इथं एक जुना पण फार देखणा अभ्यास आठवतो. गव्हाच्या अंकुरात एक लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रथिन) असतं, व्हीट जर्म अ‍ॅग्लुटिनिन. माणसाच्या गहू-अ‍ॅलर्जीकारकांच्या अधिकृत यादीत तेही आहे, ट्रिटिकम ए १८ या नावानं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या गटानं ते ड्रोसोफिलाच्या तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्यांना खाऊ घातलं आणि आतड्यातली जनुकं तपासली (२००९). सोबत त्यांनी काय केलं, तर दुसऱ्या अळ्यांना उपाशी ठेवलं आणि त्यांचीही जनुकं तपासली. लेक्टिनमुळे ६१ जनुकांच्या आरएनएत फरक पडला, त्यातली ७ उपाशी अळ्यांतही बदललेली होती. पेशींचा सांगाडा, पाचक रसायनं, विषारी द्रव्यांची विल्हेवाट, ऊर्जा, या कामांची ती जनुकं. सूक्ष्मदर्शकाखाली आतड्यातले सूक्ष्मांकुर आखडलेले, फाटे फुटलेले, सुजलेले दिसले. उपाशी अळ्यांत ते नुसते आखडले होते. म्हणजे खाद्याचा परिणाम काही अंशी उपासमारीसारखा होता आणि काही अंशी स्वतंत्र.

ती उपाशी अळ्यांची बाटली नसती तर सगळं श्रेय त्या लेक्टिनला गेलं असतं.

तर्कटराव
हे मात्र मानलं. पण मग गव्हाचं तेच लेक्टिन आपल्या आतड्याचीही तीच गत करतं, असं समाजमाध्यमावर फिरणारच की. ‘चपाती खाऊ नका’वाले टपूनच आहेत.

सूक्ष्मदर्शी
फिरतंच आहे. त्याचं उत्तर माशीच्याच आतड्यात आहे. हे लेक्टिन ज्या साखरेला चिकटतं ती म्हणजे एन-असेटिल ग्लुकोसअमाइन, आणि कायटिन हे तिचीच साखळी. किड्यांच्या आतड्याला आतून एक पातळ कायटिनयुक्त अस्तर असतं. आपल्याला ते नाही. शिवाय अळीला ते शुद्ध स्वरूपात, कच्चं दिलं होतं. आपण कणीक तव्यावर भाजून खातो. तेव्हा अळीचं आतडं बिघडलं म्हणून भाकरी-चपातीचा वाद उकरून काढू नये. (अवांतर: भाकरी तशीही भारी.)

तांबडापांढरा
भाकरीला +१. रस्सा चपातीबरोबर खाणाऱ्यांची जनुकं तपासा आधी.

मीच_ती_पुतणी
काकांनी लिंक पाठवली, म्हणून खातं काढलं. सूक्ष्मदर्शी सर, आभार. आमचं खाद्य रव्याचंच आहे. मक्याचं करायचं ठरवते. पण काही प्रश्न आहेत.

कूट भाजलेल्या दाण्याचा घेऊ की कच्च्या? मी घरातलाच वापरणार होते. माश्या मी मंडईतल्या केळ्यांवरून पकडणार होते, ते चालेल का? आणि आरएनए अख्ख्या माशीचा काढला तर? आतडं काढायची सवय नाही. पैसेही मर्यादित आहेत, सगळ्या जनुकांचं अनुक्रमण जमणार नाही, रिअल टाइम पीसीआरवर (निवडक जनुकांच्या आरएनए प्रती मोजायची पद्धत) थोडी जनुकं बघता येतील.

सूक्ष्मदर्शी
ये, ये. सर वगैरे नको.

कूटाचा प्रश्न सगळ्यात अवघड, म्हणून आधी तोच. शेंगदाण्याची मुख्य अ‍ॅलर्जीकारकं अरा एच १, २, ३, ६. यातलं अरा एच २ पचनाला फार चिवट. कोरडं भाजल्यावर शेंगदाण्याची आयजीईला चिकटण्याची ताकद वाढते आणि उकडल्यावर कमी होते, हे माणसांच्या रक्तावरच्या अभ्यासांतून दिसलंय. पण ती आयजीईची गोष्ट. माशीच्या बाजूनं बघ: कच्च्या दाण्यात लेक्टिन आणि ट्रिप्सिन (प्रथिनं पचवणारं पाचक रसायन) रोखणारी प्रथिनं शाबूत असतात, ती किड्याचं पचन बिघडवतात. उष्णतेनं त्यांचा जोर सहसा कमी होतो. म्हणजे माणसाला जो दाणा जास्त त्रासदायक तोच माशीला सौम्य असू शकतो. ही उलटापालट बघायचीच असेल तर भाजलेला आणि कच्चा अशा दोन बाटल्या ठेव. माझ्या मते तुझ्या प्रोजेक्टचा जीव इथं आहे, दूध पावडर काढून टाकलीस तरी चालेल.

आणि कूट गरम खाद्यात घालू नकोस. शिजलेलं खाद्य कोमट झालं, अगार धरायच्या आत, तेव्हा मिसळ. नाहीतर ‘कच्चा’ म्हणून घातलेला दाणा बाटलीत शिजून बसेल.

घरातला कूट मात्र नको. डब्यात किती दिवस पडलाय कुणाला ठाऊक. दमट हवेत दाण्यावर अस्पर्जिलस बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ड्रोसोफिलाच्या अळ्यांना ते विषारी असतं, आणि विष निकामी करणारी सायटोक्रोम पी४५० घराण्यातली जनुकं विषाला दाद देतातच. कोल्हापूरचा पावसाळा आणि उघडा डबा, या जोडीनं तुझा निकाल शेंगदाण्याचा न राहता बुरशीचा होईल. एकाच खेपेचे, बघून निवडलेले दाणे घे, सगळ्या बाटल्यांना तेच.

बुरशी-जंतूंचा दुसरा घोळही आहे. डिप्टेरिसिन, ड्रोसोमायसिन ही जंतुनाशक पेप्टाइडांची जनुकं वाढलेली दिसली की विद्यार्थी लगेच ‘दाह झाला’ लिहितात. डिप्टेरिसिन जिवाणूंमुळे, आयएमडी नावाच्या संदेशमार्गानं वाढतं. तुझ्या कूटाबरोबर जिवाणू आत गेले असतील तर माशी त्यांना उत्तर देत असेल, शेंगदाण्याला नव्हे. निदान खाद्याचा थोडा भाग अगारच्या थाळीवर पसरून काय उगवतं ते बघ.

मंडईतल्या माश्या नकोत. आपल्याकडे केळ्यावर एकच जात नसते. ड्रोसोफिला अननासी असते, झाप्रिओनस इंडियानस असते, तिच्या अंगावर पांढरे पट्टे असतात म्हणून ती तरी ओळखू येते. बाकीच्या नवख्याला कळत नाहीत, आणि तुझे पीसीआरचे प्रायमर (ठरावीक जनुक पकडणारे डीएनएचे तुकडे) प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या ड्रोसोफिला मेलानोगास्टर जातीचे असणार. मैसूरच्या ड्रोसोफिला स्टॉक सेंटरकडून किंवा पुण्याच्या एखाद्या प्रयोगशाळेकडून माहीत असलेला वाण मागव. तुझ्या मार्गदर्शकांनी पत्र दिलं की काम होतं. उन्हाळ्यात बाटल्या खोलीत उघड्या ठेवू नकोस. पारा ३० च्या वर राहिला की नर वांझ होऊ लागतात आणि उष्णतेच्या धक्क्याची जनुकं वेगळाच गोंधळ घालतात. २५ अंशांचा इन्क्युबेटर मिळव.

अख्खी माशी घेतलीस तर मादीची अंडाशयंच निम्मा आरएनए देतील. खुराक बदलला की अंडी बदलतात, मग तू अंडीच मोजत बसशील. आतडं काढणं अवघड नाही, दोन चिमटे आणि थंड बफर, आठवडाभरात हात बसतो. एका नमुन्यात १५-२० माद्यांची आतडी, एकाच वयाच्या. आणि प्रत्येक खाद्याच्या निदान चार स्वतंत्र बाटल्या. एकाच बाटलीतल्या आरएनएवर तीनदा पीसीआर केला म्हणजे तीन नमुने होत नाहीत, हे परीक्षक हमखास विचारतात.

मीच_ती_पुतणी
लिहून घेतलं. रेफरन्स जनुक (बाकीची ज्याच्याशी ताडून मोजायची ते) म्हणून आमच्याकडे आरपी४९ चे प्रायमर आहेत. ते पुरेल ना? आणि माशीनं किती खाल्लं ते कसं मोजू?

सूक्ष्मदर्शी
आरपी४९ वर जवळजवळ सगळं माशीविश्व चालतं, पण तुझ्या प्रयोगात ते एकटं नको. हे रायबोसोमच्या प्रथिनाचं जनुक आहे. प्रथिनं भरपूर मिळाली की पेशी रायबोसोम जास्त बनवते, म्हणजे ज्या खुंटीवरून मोजायचं ती खुंटीच हलू शकते. पीसीआरमध्ये एका चक्राचा फरक म्हणजे दुप्पट आरएनए, त्यामुळे रेफरन्स अर्ध्या चक्रानं सरकला तरी निकाल दीडपटीच्या आसपास चुकतो. ट्युब्युलिन किंवा टाटा-बाइंडिंग प्रथिन, असं निदान एक दुसरं जनुक सोबत घे आणि दोन्ही एकमेकांशी जुळतात का ते आधी बघ.

खाण्याचं मोजमाप स्वस्तात होतं. खाद्यात निळा खाण्याचा रंग घाल, माशीचं पोट बाहेरून निळं दिसतं. थोड्या वेळानं माश्या चिरडून, पाण्यात घेऊन, रंगाची तीव्रता कलरीमीटरवर मोज. कच्च्या कूटाच्या बाटलीत पोटं फिकी दिसली तर समज की माश्या जेवत नाहीत. मग उपाशी माश्यांची बाटली ठेवावीच लागेल.

शीर्षकही बदल. ‘भाजलेल्या व कच्च्या शेंगदाण्याच्या आहाराचा ड्रोसोफिलाच्या आतड्यातील निवडक जनुकांवर परिणाम’ असं काहीसं. अ‍ॅलर्जीचा उल्लेख प्रस्तावनेत एका परिच्छेदात आला तरी पुष्कळ.

करवीरकाका
म्हणजे नातवाच्या कामाचं काही नाही तर.

सूक्ष्मदर्शी
थेट नाही, काका. त्याच्यासाठी वर डॉक्टरांनी लिहिलंय ते करा. पोरीचा प्रोजेक्ट वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देईल, आणि ते उत्तर नीट आलं तर छापण्याजोगं असेल.

गुऱ्हाळ_शिरोळ
मधी बोलतो. त्या माश्यांच्या खाद्यात गूळ घालता म्हणालासा, कोणता? पिवळाधमक घेतला तर त्यात हायड्रॉस असतंय. रंग खुलवायला घालत्यात. दर खेपेला मुठीच्या अंदाजानं. तुमचं एवढं ग्रॅमात चाललंय, आणि गुळात काय हाय ते कुणी बघिना.

सूक्ष्मदर्शी
वा! हे माझ्या लक्षात येण्यासारखं होतं तरी कुणी बोललं नव्हतं. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, त्यातून गुळात सल्फाइट उरतं. आणि सल्फाइट हे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांत अ‍ॅलर्जीच्या यादीत आहे: १ किलोत १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर पाकिटावर लिहावं लागतं. तिथंही आयजीईचा संबंध बहुधा नसतोच, पण दम्याच्या काही रुग्णांना त्यानं धाप लागते. माशीकडेही सल्फाइट ऑक्सिडेज आहे, म्हणजे तिलाही ते निस्तरावं लागतं. पुतणी, सगळ्या बाटल्यांना एकाच ढेपेचा गूळ. जमलं तर बिनरसायनाचा.

बालरोग_गंगावेस
दम्याच्या मुलांच्या आयांना मी सुक्या मेव्याचं विचारते, गुळाचं नव्हतं विचारत. आता विचारीन.

मीच_ती_पुतणी
बिनरसायनाचा कुठं मिळेल? दुकानात सगळेच तसं म्हणतात.

गुऱ्हाळ_शिरोळ
माझ्याकडं. गुऱ्हाळ दिवाळीनंतर पेटंल, समोर उभं राहून बघ काय घालतो ते. रंग काळपट येतोय, गिऱ्हाईक नाक मुरडतंय, माशी मुरडायची न्हाई. किती लागंल?

मीच_ती_पुतणी
दोन किलो पुरे, दादा.

गुऱ्हाळ_शिरोळ
ढेप तीस किलोची असती. फोडून देतो, उरलेली काकाला घ्यायला सांग.